काकांच्या गाडीतला गॅस जातो कुठे?

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. "तू पत्रकारिता शिकतेस ना? मग चल माझ्याबरोबर गॅरेजला. एक जण म्हणतो बारा नंबरचा गॅस, दुसरा म्हणतो एकशे चौतीस. मला काही कळत नाहीये."

काकांकडे १९९० ची प्रीमियर ११८ एनई आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी पाहिलीही नसेल. चौकोनी डबा, फियाट १२४ च्या घाटणीची बॉडी आणि आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. 'एनई' म्हणजे निसान इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीचीच ही. १९९२ मध्ये काकांनी तिला एसी बसवून घेतला. डॅशबोर्डखाली लटकणारं ते काळं युनिट, त्याची दोन गोल बटणं आणि सुरू केल्यावर गाडीचा बसणारा दम हे सगळं घरात आजही कौतुकाने सांगितलं जातं. मे महिन्यात कोल्हापुरात ताईचं लग्न आहे. वरात याच गाडीतून निघणार, असा काकांचा हट्ट. आणि ताईची अट एकच, मेकअप वितळता कामा नये.

म्हणून गॅरेज. पहिल्या एसीवाल्याने बॉनेट उघडलं, पाइपवरचं टोपण काढलं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतली पिन दाबली. फुस्स. "थोडा आहे अजून जुना. काढून टाकतो आणि नवा भरतो. पंधरा मिनिटं, दीड हजार रुपये, साहेब." काकांनी विचारलं, कुठला गॅस? "सगळ्या गाड्यांना हाच चालतो," असं म्हणत त्याने कॅन दाखवला. काकांना ते पटलं नाही, त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि आम्ही निघालो. मी मात्र त्या दोन सेकंदांच्या 'फुस्स'वर अडकले. कारण त्या आठवड्यात इंटर्नशिपच्या कामासाठी मी नेमका किगाली कराराबद्दल वाचत होते.

तुम्ही म्हणाल, लग्नाच्या गाडीचा आणि आंतरराष्ट्रीय कराराचा काय संबंध? बराच आहे.

आधी त्या बारा नंबरचं बघू. आर-१२, म्हणजे ज्याला जुने लोक फ्रिऑन म्हणतात, तो क्लोरोफ्लुरोकार्बन गटातला गॅस. १९२८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सशी संबंधित संशोधक थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट पुढे आणला. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असायचा. गळती झाली की जीवावर बेतायचं. नवा गॅस पेटत नव्हता, वासाचा नव्हता, विषारीही नव्हता. वरदानच वाटला. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच मिजलींची. एका माणसाच्या नावावर असे दोन शोध असणं म्हणजे जरा जास्तच झालं.)

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं, की हा गॅस खाली नष्ट होत नाही, वर जातो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. कंपन्यांनी बरीच वर्षं हे मान्य केलं नाही. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जगासमोर मांडलं आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला, म्हणजे काकांनी एसी बसवला त्याच वर्षी. भारतात सीएफसीचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून थांबलं, दम्याच्या पंपांसाठी लागणाऱ्या थोड्या गॅसचा अपवाद सोडून. २०१० पासून विकसनशील देशांतही हा विषय अधिकृतपणे संपला.

कागदावर संपला. काकांच्या गाडीत तो होता.

आता एक हिशेब करून बघा. मी मेसच्या टेबलावर केला. एखाद्या जुन्या गाडीच्या एसीत समजा ७०० ग्रॅम आर-१२ मावतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १०,९०० पट जास्त उष्णता अडवतो. म्हणजे ७०० ग्रॅम हवेत सोडले, तर ते साडेसात टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो निघतो. तेव्हा ही सगळी 'फुस्स' सुमारे ३,३०० लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. लिटरला १२ किलोमीटर धरले, तर गाडी जवळजवळ ४० हजार किलोमीटर चालवण्याइतकी. पुण्याहून कोल्हापूरला ८५ वेळा जाऊन यायचं, ते एका स्क्रूड्रायव्हरने! आणि पीयूसीच्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही, कारण ते फक्त सायलेन्सरचा धूर मोजतं. काका पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर नेमाने भरतात, त्यातही एसीच्या गॅसबद्दल कुणी काही विचारत नाही.

दुसरा मिस्त्री नाना पेठेतल्या एका स्पेअरपार्टवाल्याने सुचवला. साठीतला माणूस. त्याने आधी गेज लावले, मग विचारलं, "गॅस कधी भरला होता शेवटचा?" काकांना आठवेना. तो हसला. "साहेब, गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो गळतो. कुठून गळतो ते बघितल्याशिवाय मी भरणार नाही."

हे वाक्य तुमच्या आजच्या गाडीलाही लागू आहे. एसी ही बंद यंत्रणा आहे. गॅस तिच्यात गोल फिरतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कन्डेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटतो आणि आतल्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. वर्षाला थोडेसे ग्रॅम कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून जातातच, ते चालायचंच. पण दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' करावा लागत असेल, तर तुम्ही गळक्या बादलीत पाणी ओतताय. जुन्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्या उभ्या राहतात, सीलवरचं तेल सुकतं आणि तिथून गळती सुरू होते. थंडीतही महिन्यातून दहा मिनिटं एसी चालवा, असं हा मिस्त्री म्हणाला, ते त्यासाठीच.

बरं, मग बारा काढून एकशे चौतीस भरला की झालं? इथेच बहुतेक जुन्या गाड्यांच्या एसीची वाट लागते. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. आर-१२ बरोबर जे खनिज तेल फिरायचं, ते या गॅसमध्ये विरघळत नाही. तेल फिरलं नाही, तर कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि काही दिवसांत जाम होतो. म्हणून जुनं तेल काढायचं, पाइप आणि कॉइल धुवायची आणि नवं तेल घालायचं. नव्या गाड्यांत पीएजी तेल असतं, पण ते हवेतलं पाणी पटकन ओढतं आणि जुन्या क्लोरीनच्या अंशांशी त्याचं जमत नाही. रूपांतर करताना एस्टर तेल जास्त समजूतदार, कोपऱ्यात राहिलेलं थोडं खनिज तेल ते सांभाळून घेतं.

मग ड्रायर. ही छोटी बाटली गॅसमधली ओल टिपून घेते. जुन्या ड्रायरमधले दाणे नव्या गॅस-तेलात टिकत नाहीत, शिवाय पस्तीस वर्षांत त्यांनी प्यायचं तेवढं पाणी पिऊन झालेलं असतं. तो बदलायचाच. साध्या काळ्या ओ-रिंग काढून नव्या गॅसला चालणाऱ्या, बहुतेक हिरव्या रंगाच्या येतात त्या टाकायच्या. रबरी पाइपही बघायचे, कारण आर-१३४ए चा रेणू लहान, जुन्या रबरातून तो झिरपतो. आतून नायलॉनचा थर असलेले पाइप लागतात. गॅस भरायची तोंडंही वेगळी आहेत. जुनी आट्यांची, नवी खटकन बसणारी. हे मुद्दाम केलेलं आहे, चुकून एकात दुसरा गॅस भरला जाऊ नये म्हणून. पहिल्या गॅरेजवाल्याकडे मात्र दोन्हींना जोडणारा 'जुगाड' तयार होता.

कन्डेन्सरवर तर मिस्त्री आणि काका यांचं अर्धा तास चाललं. आर-१२ उणे ३० अंशांच्या आसपास उकळतो, आर-१३४ए उणे २६ च्या. हा फरक वाटतो किरकोळ, पण भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत नव्या गॅसचा दाब जुन्यापेक्षा जास्त चढतो आणि जुन्या नळ्यांचा कन्डेन्सर तेवढी उष्णता फेकू शकत नाही. मग कात्रजच्या घाटात एसी गार आणि स्वारगेटच्या सिग्नलला कोमट. काकांना गाडीचा एकही मूळ भाग बदलायचा नव्हता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ग्रिलच्या मागे कुणाला दिसणारय?" शेवटी आजकालच्या गाड्यांत असतो तसा, चपट्या समांतर नळ्यांचा कन्डेन्सर आणि त्याच्यापुढे एक इलेक्ट्रिक पंखा बसला. जुना कन्डेन्सर काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. (आपल्या नाही, दुसऱ्या दैनिकात. मी बघितलं.)

त्यानंतर नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधली. दोन ठिकाणी बुडबुडे आले. ते दुरुस्त झाल्यावर पाऊण तास व्हॅक्यूम. यात वेळ का घालवायचा, तर हवा काढली की आत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. ते राहिलं तर गॅस-तेलाशी मिळून आम्ल बनतं किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतं. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, जुन्या गॅसच्या साधारण ८५ टक्के. जास्त भरला की जास्त गार, हा आपल्याकडचा समज इथे उलटा पडतो. दाब वाढतो आणि गारवा कमी होतो.

एक धोक्याची गोष्टही सांगते. बाजारात 'बाराच्या जागी थेट चालतो' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या काही कॅनमध्ये प्रोपेन-ब्युटेनसारखी मिश्रणं असतात. गारवा चांगला देतात. पण काकांच्या गाडीत कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, म्हणजे बसणाऱ्याच्या गुडघ्याशी आहे. गळती झाली तर स्वयंपाकाचा गॅस बंद खोलीत सोडल्यासारखं होईल. घरच्या फ्रिजमध्येही असा ज्वलनशील गॅस असतो हे खरं, पण तो काही ग्रॅम, आणि तो फ्रिज त्यासाठीच बनवलेला असतो. बनावट गॅसचं प्रकरण याहून वाईट. २०११ मध्ये आर-१३४ए म्हणून भेसळीचा गॅस भरलेले जहाजांवरचे शीत-कंटेनर फुटले होते आणि त्यात कामगारांचे जीव गेले. त्या भेसळीतला मिथाइल क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमशी झटतो. तुमच्या गाडीचे एसीचे पाइप कशाचे आहेत ते एकदा बघा.

आता किगालीकडे येऊ. एकशे चौतीस नंबर ओझोनचा मित्र असला, तरी हवामानाचा नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. आर-१२ पेक्षा कितीतरी बरा, पण बरा म्हणजे किती, तर काकांच्या गाडीतला ६०० ग्रॅम गळला तर सुमारे पावणेचारशे लिटर पेट्रोलइतका. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ ला रवांडाची राजधानी किगालीत माँट्रियल करारातच दुरुस्ती झाली आणि या एचएफसी गटालाही कात्री लागली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपलं वेळापत्रक असं: २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांचा सरासरी वापर आणि जुन्या एचसीएफसी वायूंचा ठरावीक वाटा मिळून पायाभूत आकडा ठरणार. २०२८ मध्ये वापर त्यावर गोठणार. मग २०३२ ला १० टक्के कपात, २०३७ ला २०, २०४२ ला ३० आणि २०४७ ला एकदम ८५ टक्के.

म्हणजे यंदाचं वर्ष मोजणीचं शेवटचं वर्ष आहे. आणि या रचनेत एक गंमत आहे, जिच्यावर फारसं बोललं जात नाही. या तीन वर्षांत देश जितका जास्त गॅस वापरेल, तितका त्याचा पुढचा कोटा मोठा. वापर कमी करण्याची घाई आत्ता कुणालाच नाही. त्यात मागणी वाढतेच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. माझ्या मते हा फार उशिरा झालेला चांगला निर्णय आहे. मराठवाड्यातल्या दुपारी ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही हवामान बदलाचं व्याख्यान देऊ शकत नाही. पण त्या प्रत्येक ट्रकमध्ये गॅस असणार आणि तो ट्रक खड्ड्यांतून धावणार, पाइप सैल होणार आणि हायवेवरच्या एखाद्या टपरीवजा गॅरेजमध्ये कुणीतरी पिन दाबणार.

इथे मला खरा प्रश्न दिसतो. करारात 'वापर' मोजतात तो उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, असा. आधीच देशात असलेला, यंत्रातून परत काढून शुद्ध केलेला गॅस त्यात धरत नाहीत. २०२८ नंतर कोट्याला हात न लावता मिळणारा गॅस हाच. अमेरिकेने हे बाराच्या वेळी अनुभवलं. तिथे १९९२ पासून गॅस हवेत सोडणं बेकायदा झालं, गाडीच्या एसीला हात लावणाऱ्या मेकॅनिकला प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि उत्पादन थांबल्यावर जुन्या गाड्यांचे मालक परत काढलेल्या गॅसवर अवलंबून राहिले. सगळं सुरळीत झालं असंही नाही. नव्वदच्या दशकात मायामीच्या बंदरातून सीएफसीची चोरटी आयात हा तिथल्या कस्टम्सच्या डोक्याला मोठा ताप होता. पण जुना गॅस ही विकता येणारी वस्तू आहे, हे तिथल्या गॅरेजला कळलं.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात मेकॅनिकांच्या प्रशिक्षणावर आणि प्रमाणपत्रावर भर आहे. आराखडा वाचायला चांगला आहे. मी ज्या दोन गॅरेजमध्ये गेले, तिथे दोघांनीही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि गॅस परत काढायचं मशीन एकाकडेच होतं.

युरोपात २०१७ पासून नव्या गाडीत आर-१३४ए चालत नाही. तिथे आर-१२३४वायएफ आला. त्याचा तापमानवाढीचा परिणाम नगण्य, पण तो महाग, किंचित ज्वलनशील, आणि हवेत फुटल्यावर त्यातून तयार होणाऱ्या आम्लामुळे पाण्याचं काय होईल यावर तिथे वाद चालू आहे. इथून युरोपला जाणाऱ्या गाड्यांना तोच नियम. इथल्या रस्त्यावर आपण अजून बहुतांशी एकशे चौतीसवर आहोत. म्हणजे तुमच्या पिढीची आजची हॅचबॅक वीस वर्षांनी काकांच्या ११८ च्या जागी उभी असेल. तुमचा पुतण्या विचारेल, आता यात काय भरायचं?

ओझोनची बातमी चांगली आहे, हेही सांगायला हवं. शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार सध्याची धोरणं टिकली, तर जगाच्या बहुतेक भागात ओझोनचा थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. मी तेव्हा बासष्ट वर्षांची असेन.

तर गाडी तयार झाली. एसीच्या झडपेत थर्मामीटर धरला, चालत्या गाडीत ९ अंश, सिग्नलला १३. ताई खूश. मिस्त्रीने बॉनेटच्या आत पिवळा स्टिकर लावला: कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठलं तेल, तारीख. पुढच्या मेकॅनिकने अंदाजाने काही भरू नये म्हणून. तुम्हीही गॅस भरून घेताना एवढं विचारा, की गळती शोधली का, व्हॅक्यूम किती वेळ मारला, गॅस वजन करून भरला का आणि जुना कुठे काढला. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील.

निघताना मी मिस्त्रीला तोच प्रश्न विचारला. त्याने कोपऱ्यातला सिलिंडर दाखवला. काकांच्या गाडीतला उरलेला आर-१२ त्यात होता, आधीच्या काही जुन्या गाड्यांतलाही. एकात दुसरा मिसळू नये म्हणून त्याने वर खडूने '१२' लिहून ठेवलं होतं.

"हा कोण घेऊन जातं?" मी विचारलं.

"कोणी नाही ताई. दोन वर्षं झाली, भरत आलाय. तुम्ही पेपरवाल्या ना? तुम्हीच विचारून सांगा कुणाला द्यायचा ते."